रोजच्या ४० पार्सलांना कोणता लेबल प्रिंटर परवडेल?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदुरातल्या राजेंद्रनगरच्या घरातून तुम्ही आणि सूनबाई महेश्वरी साड्या ऑनलाइन विकता. रोज ३५-४० पार्सलं जातात, दिवाळीआधी आकडा शंभरच्या घरात पोचतो. सध्या घरातल्या जुन्या लेझरवर साध्या ए-फोर कागदावर लेबल छापायचं, कात्रीने कापायचं आणि वर सेलोटेप मारून चिकटवायचं, असं चाललंय. जेल रोडवरचा दुकानदार म्हणतो रंगीत टँक प्रिंटर घ्या, बिल-लेबल-फोटो सगळं एकातच होईल. भाचा म्हणतो थर्मल घ्या. आणि तुम्हाला धास्ती ही, की थर्मलवरचं छापलेलं उडून जातं, एटीएमच्या पावतीसारखं.

भाच्याचं ऐका. तुमची धास्ती मात्र अगदीच खोटी नाही, तिच्याकडे पुढे येतो.

आधी उत्तर सांगतो, म्हणजे घाई असेल तर एवढंच वाचून दुकानात जाता येईल. ४ इंच रुंदीचा, २०३ डीपीआयचा (म्हणजे इंचात २०३ टिंबं), डायरेक्ट थर्मल (म्हणजे शाईशिवाय, नुसत्या उष्णतेने छापणारा), यूएसबीवर चालणारा आणि कुठल्याही दुकानातला रोल चालवून घेणारा लेबल प्रिंटर घ्या. रिबन नको, ३०० डीपीआय नको. जुना लेझर विकू नका, तो बिलांसाठी राहू द्या. बिल आणि लेबल ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच यंत्राच्या गळ्यात बांधली की दोन्ही महाग पडतात, हे मी इंदुरात वीस-बावीस वर्षं प्रिंटर विकून आणि त्याहून जास्त दुरुस्त करून शिकलो.

आता हिशेब. भाव रोज बदलतात, म्हणून खालचे आकडे नुसते समजा म्हणून धरा आणि सियागंजाच्या बाजारात विचारून स्वतःचे घाला. पद्धत तेवढी माझी घ्या.

ए-फोर स्टिकर शीटवर ४ लेबलं बसतात. शीट ६ रुपयांना धरली तर कागदाचेच दीड रुपये. टोनरच्या खोक्यावर १,५०० पानं लिहिलेली असतात, ती पानाचा जेमतेम ५ टक्के भाग काळा होतो असं धरून मोजलेली असतात. लेबलांनी भरलेलं पान त्याच्या दुप्पट-तिप्पट काळं होतं: बारकोड, जाड पत्ता, चौकटी, लोगो. म्हणजे १,५०० ची ५००-७०० पानंच हातात येतात. रिफिल केलं तर लेबलामागे १५-२० पैसे, नवं कार्ट्रिज घेतलं तर रुपया-दीड रुपया. साधा कागद वापरून कापलात तर कागद स्वस्त पडतो, पण टेप लागते आणि हात लागतात. एका लेबलाला कापणं-चिकटवणं २५ सेकंद धरा. ४० लेबलांना रोज सतरा मिनिटं, वर्षाच्या ३०० दिवसांत सुमारे ८३ तास. सूनबाईंच्या ८३ तासांची किंमत तुम्हीच ठरवा, मी त्यात पडत नाही.

थर्मलचा हिशेब एका ओळीत संपतो. ५०० लेबलांचा रोल ३५० ला मिळाला तर लेबल ७० पैशांना पडलं, पुढे शाई नाही, टोनर नाही, टेप नाही. स्टिकर शीटशी तुलना केली तर लेबलामागे ८० पैसे कागदातच वाचले. वर्षाची १२,००० लेबलं धरली तर ९,६०० रुपये. यंत्र ९,००० ला घेतलंत तर साल भरायच्या आत त्याने स्वतःची किंमत फेडली. पार्सलं रोज आठ-दहाच असती तर मी तुम्हाला काहीच घेऊ दिलं नसतं. पीओडी पाऊचवाल्या, म्हणजे वर पारदर्शक खिसा असलेल्या कुरिअर बॅगा येतात, त्यात लेझरवर छापलेला कागद घडी करून सरकवा म्हटलं असतं. तुम्ही तो टप्पा ओलांडलाय.

टँक प्रिंटरबद्दल. यंत्र वाईट नाही. मुलांचे प्रोजेक्ट, रंगीत कॅटलॉग, पानामागे शाईचा खर्च अगदी कमी. पण बऱ्याच घरगुती टँक प्रिंटरांतली रंगीत शाई पाण्यात विरघळणारी असते. लेबल छापून ओलं बोट फिरवून बघा, पत्ता निळसर वाहतो. श्रावणातल्या झडीत टेम्पोच्या मागे पडलेल्या पार्सलचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको. शिवाय चार-सहा आठवडे वापर नसला की नोझल सुकते, मग साफ करण्यातच शाई जाते. साड्यांचे फोटो तुम्ही मोबाइलवरूनच पोर्टलवर चढवता, मग रंगीत छपाई कुणासाठी?

आता तुमची धास्ती. डायरेक्ट थर्मल कागदावर रसायनाचा पातळ थर असतो: एक बिनरंगी रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारं दुसरं द्रव्य. प्रिंटरच्या हेडवरची बारीक टिंबं तापतात, तिथे थर वितळतो, दोन द्रव्यं एकत्र येतात आणि कागद काळा पडतो. शाई कुठेच नाही, कागदच काळा होतो. म्हणूनच कागदाला जे बाधतं ते छपाईला बाधतं: ऊन, उष्णता, तेल, स्पिरिट आणि प्लास्टिक मऊ करायला घातलेली रसायनं. एटीएमची पावती पाकिटाच्या प्लास्टिक कप्प्यात महिनोन्‌महिने राहते, म्हणून उडते. तुमच्या लेबलाला जगायचंय पंधरा दिवस, माल परत आला तर महिना. तेवढं साधं डीटी, म्हणजे डायरेक्ट थर्मल, लेबल आरामात जगतं.

पण दोन गोष्टी पाळायच्या. लेबलावर सेलोटेप लावायची नाही. आत्ताची सवय सुटायला वेळ लागेल, पण टेपचा गोंद थर्मल छपाईला खातो आणि टेपची चकाकी स्कॅनरला आंधळं करते. लेबलाला मागून गोंद आहेच. दुसरं, रोल घेताना 'टॉप कोटेड' मागा. वरून संरक्षक थर दिलेला असतो, घासलं-भिजलं तरी टिकतो. हा थर नसलेला इकॉनॉमी रोल काही पैशांनी स्वस्त असतो, आणि तक्रारी घेऊन येणारे बहुतेक त्याचेच असतात.

तेलाचं एक उदाहरण सांगतो. माझे एक गिऱ्हाईक लसणी शेव बाहेरगावी पाठवायचे. यंत्र चांगलं, रोल चांगला, तरी दर आठवड्याला दोन-चार पार्सलं पत्ता वाचता येत नाही म्हणून परत. मी दोनदा हेड साफ करून आलो. तिसऱ्यांदा त्यांच्याकडे बसून पॅकिंग बघितलं तेव्हा कळलं. शेव भरणारा मुलगाच त्याच हाताने लेबल चिकटवत होता. बोटांचं तेल, वर पुठ्ठ्यातून झिरपलेलं तेल, आणि अक्षरं फिकी. लेबल लावायला दुसरा माणूस बसवला, पुठ्ठ्याच्या आत प्लास्टिकची पिशवी घातली, प्रश्न मिटला. प्रिंटरला उगाच शिव्या बसत होत्या. साड्यांना हा त्रास नाही, पण पॅकिंगच्या टेबलावर पोह्यांची बशी ठेवायची नाही एवढं पाळा.

रिबनवाला, म्हणजे थर्मल ट्रान्सफर प्रिंटर, दुकानदार 'भिया, ये तो जिंदगीभर चलेगा' म्हणून पुढे करेल. त्यात मेणाची किंवा रेझिनची रिबन तापून शाई साध्या क्रोमो, म्हणजे गुळगुळीत पण थर्मल रसायन नसलेल्या, लेबलावर उतरते. छपाई वर्षानुवर्षं टिकते, खरं आहे. पण रिबन वेगळी विकत घ्यायची, बसवायची, सुरकुतली की पुन्हा लावायची. पंधरा दिवसांच्या लेबलाला हे कशाला? तुम्ही उद्या मसाले किंवा पापड विकायला घेतलेत तर गोष्ट वेगळी. खाण्याच्या पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर लागतो, आणि २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे वजन, एमआरपी, पत्ता वगैरे. तो मजकूर पाकीट संपेपर्यंत वाचता आला पाहिजे. तिथे रिबनच हवी.

२०३ डीपीआय म्हणजे मिलिमीटरला ८ टिंबं, ३०० डीपीआय म्हणजे जवळजवळ १२. कुरिअरचा बारकोड आणि क्यूआर २०३ वर उत्तम वाचला जातो. ३०० लागतो तो दागिन्यांच्या टॅगला आणि औषधाच्या बारक्या चिकटपट्टीला. महेश्वरीच्या टॅगवर एवढं बारीक छापायचा विचार असेल तर बोला, नाहीतर जास्तीचे पैसे देऊ नका.

वायफाय-ब्लूटूथचं असं की, एकाच कॉम्प्युटरवरून छापत असाल तर यूएसबीची तार सगळ्यात कमी डोकं खाते. सूनबाई मोबाइलवरूनच ऑर्डरी बघत असतील तर ब्लूटूथवालं घ्या, पण दुकानात त्यांच्याच मोबाइलवरून छापून दाखवा म्हणा. दुकानदाराच्या मोबाइलवर सगळंच चालतं.

ज्यावर मी सगळ्यात जास्त अडून बसतो ती गोष्ट म्हणजे रोल. काही परदेशी लेबल प्रिंटर फक्त स्वतःचाच रोल ओळखतात. डायमोची ५५० मालिका रोलवरची चिप वाचते, दुसरा रोल घातला तर छापतच नाही. ब्रदरच्या क्यूएल मालिकेला तिच्याच पद्धतीच्या फिरकीचे डीके रोल लागतात. यंत्रं चांगली, पण दिवाळीच्या आठवड्यात रोल संपला तर सियागंजात काय मागणार? टीएससी, झेब्रा, टीव्हीएस, हनीवेल यांचे टेबलावरचे थर्मल प्रिंटर साधा १०० बाय १५० मिलिमीटरचा डीटी रोल घेतात, तो कुठेही मिळतो. त्यातला कुठला, हे मी नावावरून ठरवत नाही. इंदुरात त्याचं हेड आणि रबरी रोलर स्टॉकमध्ये कुणाकडे आहे, दुरुस्तीला किती दिवस, यावरून ठरवतो. हेड बहुतेक वॉरंटीत धरत नाहीत, त्याची किंमत आजच विचारून ठेवा. बिननावाचे स्वस्त प्रिंटरही मिळतात आणि वर्ष-दोन वर्षं नीट चालतातसुद्धा. हेड गेलं की मात्र कचरा.

रोल मागताना गाभ्याचा व्यास सांगा. टेबलावरच्या यंत्राला १ इंची गाभा लागतो, ३ इंची गाभ्याचा मोठा रोल कारखान्यातल्या यंत्राचा. पिथमपूरच्या कारखान्यांसाठी आणलेला मोठा रोल स्वस्त मिळतोय म्हणून घेऊन येणारे दर वर्षी भेटतात. झाकणच लागत नाही. आणि रोल डीटीचाच आहे ना, हे बघायला नख ओढा. डीटी कागदावर काळी रेघ उमटते, क्रोमोवर उमटत नाही. क्रोमो रोल थर्मलमध्ये घालून 'प्रिंटर कोरी लेबलं काढतोय' म्हणणारे फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतात. उलट चूकही कधी करू नका, थर्मल लेबल लेझरमध्ये घालायचं नाही. लेझरचा फ्यूजर, म्हणजे टोनर वितळवून कागदावर बसवणारा भाग, २०० अंशांच्या आसपास तापतो, लेबल सगळं काळं होतं आणि गोंद आत बसतो. अर्धी वापरलेली स्टिकर शीटही परत लेझरमध्ये नको, त्याच कारणासाठी.

यंत्र घरी आलं की तीन गोष्टी करायच्या, आणि निम्मे लोक इथेच चुकतात. ड्रायव्हरमध्ये कागद १०० बाय १५० मिलिमीटर ठेवा, ए-फोर राहिला तर लेबल कोपऱ्यात छोटंसं येतं. सेन्सर 'गॅप'वर ठेवून कॅलिब्रेशन करा, म्हणजे दोन लेबलांमधली २-३ मिलिमीटरची फट यंत्राला ओळखू येईल. हे केलं नाही तर एक छापील, एक कोरं असं चालू राहतं. आणि पीडीएफ छापताना 'फिट टू पेज' नाही, 'ॲक्चुअल साइज'. हा मुद्दा जरा समजून घ्या. २०३ च्या यंत्रात टिंब ०.१२५ मिलिमीटरचं असतं आणि अर्धं टिंब छापता येत नाही. बारकोडची बारीक रेघ बरोबर २ टिंबांची असली की छान. पान ९७ टक्क्यांवर आकसलं की काही रेघांना २ टिंबं मिळतात, काहींना कमी-जास्त. डोळ्याला बारकोड व्यवस्थित दिसतो, तुमच्या मोबाइलवरही वाचला जातो, आणि देवास नाक्याच्या गोदामात पट्ट्यावरून पळताना स्कॅनर नाही म्हणतो.

गडदपणा मध्यावर ठेवा. टीएससीत ० ते १५, झेब्रात ० ते ३० असतो. काळंकुट्ट छापलं म्हणजे चांगलं नव्हे. रेघा फुगून एकमेकींना चिकटतात आणि हेड लवकर जळतं. हेडचं आयुष्य कंपन्या किलोमीटरमध्ये सांगतात. तुमचं एक लेबल फटीसकट १५३ मिलिमीटर, वर्षाची १२,००० म्हणजे १.८ किलोमीटर. ३० किलोमीटरचं हेड कागदोपत्री सोळा वर्षं पुरतं. प्रत्यक्षात ते मरतं धुळीने, गोंदाने, आणि अडकलेलं लेबल सुरीने खरवडल्याने. प्रत्येक रोल बदलताना यंत्र बंद करून, थंड होऊ देऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हेडवरून एकदा फिरवा. मेडिकलमध्ये मिळतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

हेडचं एखादं टिंब मेलं की लेबलावर वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ येते. अशा वेळी बारकोड कसा छापलाय बघा. रेघा कागद सरकण्याच्या दिशेने असतील तर ती पांढरी रेघ एखादी काळी रेघ पूर्ण गिळते आणि बारकोड मेला. शिडीच्या पायऱ्यांसारखा छापला असेल तर पांढरी रेघ सगळ्या पायऱ्या छेदून जाते, स्कॅनर तिच्या बाजूने वाचून घेतो. ऐन दिवाळीत नवं हेड येईपर्यंत लेबलाचा नमुना ९० अंशांत फिरवून एकाचं दुकान मी पाच दिवस चालवलंय.

विजेचंही सांगतो, कारण तुमच्या भागात झटके येतात. लेझर तापताना दणदणीत भार घेतो, घरगुती इन्व्हर्टरवर लावू नका. लेबल प्रिंटरचं अडॅप्टर साधारण २४ व्होल्ट आणि ६० वॅटच्या आसपास असतं, कॉम्प्युटरच्या यूपीएसवर आरामात चालतं. वीज गेली तरी पिकअपवाला यायच्या आत लेबलं निघतात.

जुनं यंत्र मिळत असेल तर सेल्फ टेस्ट छापून घ्या. त्यात किती लांबी छापली याचा आकडा येतो, स्कूटरच्या किलोमीटरसारखा. टेस्टमध्ये एकही पांढरी रेघ नसावी. रोलर चकचकीत, कडक झालेला असेल तर भाव पाडा.

रोल एकदम पेटीभर घेऊन ठेवू नका. दिवाळीपुरते दहा-बारा पुरे, ते कपाटात अंधारात, गच्चीच्या खोलीत नाही. नवतप्याच्या कडक उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या रोलाच्या कडा करड्या पडलेल्या मी बघितल्या आहेत.

एक गोष्ट मला अजून कळायचीय. तुमच्या पोर्टलची कालची एक पीडीएफ उघडून पानाचा आकार बघा. ४ बाय ६ इंच लिहून आलं तर सगळं वरच्यासारखं, सरळ छापा. ए-फोर असेल, वर लेबल आणि खाली बिल, तर आधी पोर्टलच्या सेटिंगमध्ये 'थर्मल' किंवा '४ बाय ६' असा पर्याय शोधा. नसला तर पान कापून घ्यावं लागेल. त्यासाठी पीडीएफ कुणा अनोळखी फुकट साइटवर चढवू नका, त्यात गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात. भाच्याला कॉम्प्युटरवरच क्रॉप बसवून द्यायला सांगा, आणि आकार काय निघाला ते मला कळवा.